जुळलेलं उत्तर

बंगळूर
६ जानेवारी २०२५

ती. नानांस,
ईश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या तिळाच्या वड्या पोचल्या. डबा प्रयोगशाळेत दुपारपर्यंतही टिकला नाही. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितेय.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. हवा काढून घेतलेल्या भांड्यात थोडा हायड्रोजन सोडायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारायचा आणि धक्का बसलेले रेणू किती अतिनील किरण टाकतात ते मोजायचं. एका रेणूमागे किती, हे काढायला भांड्यात रेणू किती ते कळावं लागतं, आणि ते दाबावरून कळतं. आमचा दाबमापक नायट्रोजनसाठी जुळवलेला. हायड्रोजन असेल तर त्याचा आकडा दोनानं, किंबहुना जरा जास्तीनंच गुणावा लागतो. मी गुणला होता, नाना. तेव्हा उत्तर आधीच्या संशोधकांच्या छापील आकड्याच्या निम्मं आलं. न गुणता केलं तर तंतोतंत जुळलं. मग मापक आधीच कुणी हायड्रोजनसाठी जुळवला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि गुणाकार काढून टाकला. कुणाला विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या जुळलेल्या आकड्याचा माझा शोधनिबंध छापून आला. मागच्या आठवड्यात इथे नवा मापक बसवला, तो कुठल्याही वायूचा दाब खराच सांगतो. माझं आधीचं निम्मं उत्तरच बरोबर होतं. गुरू ग्रहाच्या ध्रुवांवरच्या प्रकाशाचा अभ्यास करणारे लोक माझा चुकीचा आकडा वापरताहेत. शेजारच्या टेबलावरच्या वरदचा अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे आणि तो मार्चमध्ये सादर करायचाय. मला जर्मनीतली संशोधनाची जागाही त्याच निबंधावर मिळालीय. माझ्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम, त्यांना अजून काही माहीत नाही. मला जेवण जात नाही. काय करू ते लिहा.

आईला नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत, या वेळी जरा जास्तच.

तुमची,
ईश्वरी


पूर्णा
१४ जानेवारी २०२५

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझी आई विचारायली की पोरीनं एवढं काय लिहिलंय. वड्या आवडल्या म्हणून सांगितलं. तिला ते पटलेलं नाही. शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊ म्हणते, त्यावरून काय ते समज.

फिजिक्सचा मास्तर म्हणून नव्हे, बाप म्हणून लिहितो. आत्ता गप्प बैस. जर्मनीला जा, पाय रोव, मग तिथून सावकाश दुरुस्ती छाप. जुना आकडाही चुकीचाच निघाला ना? तो छापणाऱ्याला कुणी फासावर दिलं नाही. वरद हुशार आहे म्हणतेस, तो सावरेल. इथे पेढे वाटून झालेत. आपले शेजारी माणिकराव तर स्टेशनवर अनोळखी माणसांनाही सांगायलेत की आमची पोरगी गुरूवर जायली. त्यांना आता काय सांगू?

जेवत जा. तब्येतीची आबाळ केलीस तर तुझ्या आईला तिकडे पाठवीन, मग बघ.

तुझा,
नाना


बंगळूर
२५ जानेवारी २०२५

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही, राग धरू नका. रोज वरदला ते आकडे मांडताना बघवेना. सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी नियतकालिकाला कळवलं. जर्मनीहून उत्तर आलं की चौकशी होईपर्यंत जागा स्थगित. वरद वही मिटून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. अजून तिथेच बसतो. त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम म्हणाल्या की चूक कुणाचीही होते. पण उत्तर बघून निरीक्षण बदलायचं, हे तुला कुणी शिकवलं? मला एकदम तुमची प्रयोगशाळा दिसली. बारावीचं प्रॅक्टिकल, लोलक, आणि माझं गुरुत्वाचं उत्तर ९८० ऐवजी १०४०. बाहेरचे परीक्षक मार्क कापतात म्हणून तुम्ही ९८० वरून उलटा हिशेब करून आम्हा पंचवीसही जणांना झोक्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले.

मी मॅडमना सांगितलं, कुणीच नाही, माझं मलाच सुचलं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, नाना. काळजी करू नका.

माया पातळ होऊ देऊ नका, एवढीच विनंती.

तुमची,
ईश्वरी


पूर्णा
३ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरीस,
आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार किती उरलाय, ठाऊक नाही.

काळजी करू नका, हे तू लिहिलंस आणि मला माझी लाज वाटली. एवढी मोठी चूक कबूल केलीस आणि लगेच माझ्यासाठी एक नवं खोटं बोललीस.

एकतीस वर्षं, दर फेब्रुवारीत मी हेच केलं. पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून करतो, असं म्हणायचो. खरं तर पंखा बंद करून, दोरा नीट मोजून पुन्हा प्रयोग घ्यायला दोन दिवस लागले असते, आणि निकालही उतरला असता. तुझं १०४० का आलं ते शोधणं हाच धडा होता. तो मी शिकवला नाही. माझी मुलगी म्हणून तुला तर दोनदा तपासून आकडे दिले. आणि मागच्या पत्रात गप्प बैस म्हणून पुन्हा तेच शिकवलं.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली की हायड्रोजन बियड्रोजन मला कळत न्हाई, पण लेकरानं तुमच्यासाठी खोटं बोलायचं अन् तुमी इथं बसून चहा प्यायचा, हे मला बघवायलं न्हाई. कप उचलून घेऊन गेली.

सोबत मंजुषा मॅडमच्या नावाचं वेगळं पत्र ठेवलंय. पहिल्याच ओळीत लिहिलंय की ही सवय ईश्वरीला मी लावली, शाळेच्या प्रयोगशाळेत, तिचा शिक्षक म्हणून. खाली पूर्ण नाव, विषय आणि सही आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वाच, रडायचं तर रड, पण त्यांच्या हातात दे. वरदलाही दाखव.

लोभ असावा, हे आजवर मी बरोबरीच्यांनाच लिहीत आलो. आज तुला लिहितो.

तुझा,
नाना