दुसऱ्या सफरचंदाची जागा

मी, या घराची मालकीण, वय एकोणऐंशी, शाळा तिसरीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि मजेत असताना हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायची या घरात कुणाची छातीही नाही. शुद्धलेखन नात तपासते आहे, शब्द माझेच.

१. घर आणि बँकेत असेल ते मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं. भांडायचं तर माझ्यादेखत भांडा, माझीही करमणूक होईल.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री नातीला. त्या कात्रीने सूनबाईने एकदा पुठ्ठा कापला होता. सूनबाई, तुला माफ केलं. आता ते कागदावरही आलं.

३. मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड, खालच्या जमिनीसकट, सूनबाईला. मुलाला तिथे गाडी लावायची आहे, म्हणून त्याला नाही. अंगण दोन पलंगांएवढं, तेव्हा मी बुटक्या जातीचं कलम निवडलं. खड्डा मीच खणला, कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवला. रोपं विकणारा म्हणाला होता, "आजी, दोन जातींची दोन न्या. एकट्या झाडाला फळ धरत नाही." मला वाटलं, खपवायला बघतोय. म्हटलं, "अरे, मी वीस वर्षं एकटी आहे, माझं काय अडलं?" त्याला पाच वर्षं झाली. फुलं ढीगभर, सफरचंद एक नाही. आणि मला जाण्याआधी घरचं एक तरी खायचं आहे.

४. दुसरं झाड माझ्याकडे मावत नाही. जागा आहे ती भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या अंगणात. तिने माझी शिडी नेली, पायरी मोडून परत दिली, वर म्हणाली, आधीच मोडकी होती. तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. माझ्या हातून ती काही घ्यायची नाही. म्हणून मी आणून बादलीत ठेवलेलं दुसऱ्या जातीचं रोप तिला मृत्युपत्राने देते. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

(कलम चार खोडलं. त्याचं असं झालं.)

साक्षीला दोन माणसं हवी होती. नात मला न विचारता जावेलाच घेऊन आली. जावेने कागद वाचला, चष्मा पुसून परत वाचला. दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे घड्याळवाले, म्हणाले, "यांना रोप मिळतंय, मग यांची साक्ष चालायची नाही."

जाऊ नातीला म्हणाली, "तुझ्या आजीला सांग, त्या काही इतक्यात जात नाहीत. तोवर रोपाची मुळं वाळतील."

मी नातीला म्हटलं, "तिला सांग, कुदळ दाराशी आहे."

पलीकडे ती फार खोल लावायला लागली. मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरून म्हटलं, "अगं, सांधा वर राहू दे."

"कळतं मला, ताई. आधी उतरा, पडाल."

रोप लागलं. आता तिला या कागदातून काहीच मिळत नाही, त्यामुळे तिची सही चालते.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. तारीख: बारा फेब्रुवारी.
लिहिणार: मी (सही)
साक्षीदार: १. घड्याळवाले (सही)
२. धाकटी जाऊ (सही. शेजारी मातीचा अंगठा उमटला आहे, तो कुणी पुसू नये.)