त्रेसष्ट वर, त्रेसष्ट खाली

३ डिसेंबर, बुधवार

एकेचाळीस वर, बेचाळीस खाली. पहिल्याच दिवशी!

म्हणजे डोंगरावर गेले एकेचाळीस आणि उतरले बेचाळीस. एक काय आभाळातून पडला? आमच्या प्रोग्रामर अनीशला म्हटलं, तुझ्या सॉफ्टवेअरला भांग पाजलीय का रे? तर म्हणे, ‘‘ताई, टेन्शन नका घेऊ ना. बर्फाच्या मशीनचं धुकं असतं, त्यात सॉफ्टवेअर एकाला दोनदा गिनती करतं.’’

नीट लिहून ठेवते, कारण काम नवीन आणि डोकं जुनं. हिमाचलात एक लहानसं स्कीइंगचं ठिकाण आहे. एकच उतार, एकच खुर्च्यांचा रोपवे. सीझन आत्ता कुठं सुरू होतोय. खरा बर्फ अजून पडलेलाच नाही. मशीननं फवारून एक पांढरा पट्टा केलाय, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. वर एक कॅमेरा, खाली एक. आणि आम्ही इंदूरला बसून माणसं मोजतो. साडेचारला शेवटचा माणूस उतरला की वर किती गेले, खाली किती आले, ते मी ताडून बघायचं. एकच माणूस तीनदा वर गेला तर तीन, तीनदा खाली आला तर तीन. आकडे जुळले की मी ‘क्लिअर’ टाइप करते. मग तिथला मनीष रोपवे बंद करतो आणि सगळे घरी जातात. माझ्या क्लिअरशिवाय रोपवे बंद होत नाही.

सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, बर्फ पाहिला तो फ्रीजमधला नाहीतर गोळ्यातला. आणि माझ्या एका शब्दावर डोंगर बंद! बाबांना कौतुकानं सांगायला गेले. म्हणाले, ‘‘चुकू नकोस म्हणजे झालं. वर राहिला एखादा तर सकाळपर्यंत गोठेल.’’ चांगलं बोलतील तर ते बाबा कसले!

५ डिसेंबर, शुक्रवार

तेहेतीस – चौतीस. परत एक जास्त. अनीशच्या भरवशावर क्लिअर टाकलं, परवासारखंच.

६ डिसेंबर, शनिवार

बावन्न – त्रेपन्न.

उन्मेषकडे गेले. उन्मेष आमचा टीम लीड, पुण्याहून आलेला, पोह्यांवर आमचा इंदुरी जिरावण मसाला पडला की अजून दचकतो. अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘‘शलाकाताई, रोज एकाचाच फरक आहे ना? मग एक वजा करून भरा की. ३१ तारखेपर्यंत ट्रायल आहे, क्लायंटला कशाला घाबरवायचं?’’

भरलं. बावन्न – बावन्न. क्लिअर.

मला अजिबात आवडलेलं नाही. कमी उतरले तर भ्यायचं, जास्त उतरले तर काय बिघडलं, हे त्याचं म्हणणं. बरोबरच आहे म्हणा. पण मी खोटा आकडा भरला तो भरलाच.

७ डिसेंबर, रविवार

आज सॉफ्टवेअर गेलं खड्ड्यात म्हटलं, दिवसभराचं रेकॉर्डिंग काढलं आणि स्वतः मोजलं. कागदावर रेघा मारून. दोनदा.

सत्तावन्न वर. अठ्ठावन्न खाली.

अनीशचं मशीन चुकलेलं नाही. तो शेवटचा आहे ना, तो खरंच येतो. चार पंचवीसला, सगळे उतरून गेल्यावर. बर्फाच्या मशीनच्या धुक्यातून एकटाच. जुनाट नारिंगी जाकीट, गुडघे वाकवलेले, बिलकुल घाई नाही. खाली खांब आहे, तिथं थांबतो. काठीनं खांबावर टक टक करतो. दोनदा. मग कॅमेऱ्याच्या बाहेर जातो.

वरच्या कॅमेऱ्यात तो चढताना कुठंच नाही. तीनदा पाहिलं. 

८ डिसेंबर, सोमवार

सुट्टी. सोमवारी डोंगर बंद.

नवे तांदूळ डब्यात भरायचे होते. बाबा म्हणाले, माप मी घालतो. सियागंजच्या बाजारात तीस वर्षं धान्याच्या गोदामावर काढली, हात अजून शिवशिवतात त्यांचे. पहिलं माप घातलं – ‘‘लाभ.’’ मग दोन, तीन, चार. लहानपणापासून ऐकतेय, आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणतच नाहीत. आज मुद्दाम विचारलं, का हो? म्हणाले, ‘‘पहिलं माप देवाचं. आपली मोजणी त्याच्यापुढे.’’ मापावरची शीग मी हातानं सपाट करायला गेले तर हातावर फटका! ‘‘वर आलेलं पुसू नये गं. ते आपणहून आलेलं असतं.’’

मी तर पुसतेच आहे रोज. एक वजा करून.

त्या शेवटच्याला नाव ठेवलं – लाभ. नाव ठेवलं की भीती कमी होते म्हणतात. बघू.

१० डिसेंबर, बुधवार

मनीषला फोन केला. आवाजावरून पंचविशीतला असेल. विचारलं, साडेचारच्या आत शेवटी कोण येतं, नारिंगी जाकीटवाला? ‘‘कोई नहीं, मॅडमजी. आखिरी टूरिस्ट के बाद मैं अकेला रहता हूँ गेट पे.’’ आणि हे तो बोलत असताना माझ्या स्क्रीनवर लाभ त्याच्या मागून, चार हातांवरून गेला. मनीषनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही!

 ‘‘ठीक है भिया,’’ म्हणून फोन ठेवून दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आला. टक टक. गेला. एक वजा. क्लिअर.

१४ डिसेंबर, रविवार

आज राहवलं नाही. मनीषला म्हटलं, एक विचारू? खांबावर काठीनं दोनदा वाजवायची तुमच्याकडे काही पद्धत आहे का?

 तर म्हणाला, ‘‘ये आपको किसने बताया?’’

पूर्वी तिथं ठाकुर चाचा होते. संध्याकाळी सगळ्यांच्या मागून, सगळा उतार बघत शेवटी उतरायचे. कोणी पडलाय का, कोणी दोरीपलीकडे गेलाय का. खाली आले की खांबावर दोन टोले – सब नीचे. ते ऐकून रोपवे बंद व्हायचा. दोन वर्षांपूर्वी गेले, घरीच, छातीत दुखून. ती जागा मग कोणी भरलीच नाही. कॅमेरे लावले. कॅमेरे आणि मी!

मनीष शेवटी हळूच म्हणाला, ‘‘मॅडमजी, आपको दिखते हैं क्या?’’

मी खोटं बोलले. नाही म्हणाले.

१६ डिसेंबर, मंगळवार

गंमत सांगू? आता मी त्याची वाट बघते. चार वीस झाले की माझं सगळं लक्ष त्या धुक्याकडे. इथं खिडकीतून ऊन येतंय, खाली कचोरीवाल्याचा झारा वाजतोय, आणि मी बर्फाकडे बघत बसते. तो आला, टक टक झालं, की जीव भांड्यात पडतो. सगळे खाली आहेत हे मला आकड्यापेक्षा त्याच्याकडून कळतं.

हे वेडेपण कुणाला सांगणार? उन्मेष म्हणेल, ताई, सुट्टी घ्या.

२० डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी साडेपाच

जुळलं! आज जुळलं! त्रेसष्ट वर, त्रेसष्ट खाली. काहीही वजा न करता!

अनीश खुर्चीवर चढून नाचला. म्हणे, ‘‘बोललो होतो ना ताई, काल रात्री कोड सुधारला!’’ उन्मेषनं जिलेबी मागवली. चार पस्तीसला मी क्लिअर टाकलं, सतरा दिवसांत पहिल्यांदा खरं. बसमधून येताना अगदी हलकं वाटत होतं. आज खिचडी आणि लवकर झोप.

त्याच दिवशी, साडेनऊ

 सगळं लिहून ठेवते.

सव्वासातला खिचडीचे तांदूळ घेत होते. बाबा बाहेर टीव्हीसमोर. वाटी भरली, आणि सवयीनं तोंडातून निघालं – लाभ. दुसरी वाटी भरून हात तसाच राहिला.

लाभ आज आला होता की! मी पाहिला होता. चार पंचवीसला, धुक्यातून, नेहमीसारखा. सॉफ्टवेअरनं त्याला मोजलाही होता. म्हणजे त्रेसष्टात तो आहे. म्हणजे माणसं बासष्टच उतरली!

आणि त्यानं खांब वाजवला नव्हता. खांबापाशी थांबला, कॅमेऱ्याकडे बघत. मग तोंड फिरवून परत वर चढायला लागला. हेही मी पाहिलं होतं! नेमका तेव्हाच आकडा जुळला, अनीश नाचायला लागला आणि मी क्लिअर टाकून मोकळी झाले. शलाका, तुझ्यासारखी मूर्ख तूच.

वाटी तशीच टाकून मनीषला फोन. ‘‘वर कोणीतरी आहे.’’ तो म्हणाला, मॅडमजी, शीट तो बराबर है. मी ओरडले. किती ओरडले ते आठवत नाही, बाबा धावत आत आले. ‘‘शीट चूल्हे में गई! एक आदमी ऊपर है, जाओ!’’ तिथं तेव्हा उणे सात. मनीष आणि तिथली माणसं बर्फावरची गाडी घेऊन निघाली. मी ओट्याला धरून उभी होते. बाबांचा हात पाठीवर. देवाचं नाव घ्यायलाही सुचत नव्हतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी मनीषचा फोन. सापडली! प्राची म्हणून मुलगी, एकोणीस वर्षांची, चंदीगडची. दोरीपलीकडे घसरली, गुडघा पिरगळला, मोबाइल बंद. मैत्रिणींना वाटलं, ती आधीच हॉटेलवर गेली असेल. जिवंत आहे. बोलतेय. जिवंत आहे!

मी ओट्याखाली बसून भोकाड पसरलं. खिचडी बाबांनी केली. मीठ विसरले.

२१ डिसेंबर, रविवार

उन्मेषला सगळं सांगितलं, फक्त लाभचं सोडून. रोज एक वजा करत होते तेही, उघड, सगळ्यांसमोर. म्हटलं काढायचं तर काढ. तोही उघडच म्हणाला, ‘‘ताई, वजा करा असं मीच म्हणालो होतो.’’ एवढं बोलला ते बरं झालं, नाहीतर मी त्याला सोडलं नसतं. मग विचारलं, ‘‘पण तुम्हाला घरी बसून कळलं कसं?’’ म्हटलं, अचानक सुचलं.

आज अठ्ठेचाळीस – एकोणपन्नास. एकोणपन्नासच भरले. शेरा लिहिला: शेवटचा आला, खांब वाजवला. मगच क्लिअर टाकलं.

मनीषचं उत्तर आलं, नुसतं ‘‘जी, मॅडमजी.’’

२३ डिसेंबर, मंगळवार

मनीष आज हॉस्पिटलात प्राचीला भेटून आला. ती म्हणते, कोणी एक अंकल शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होते, नारिंगी जाकीटातले. तिचा डोळा लागला की काठीनं दगडावर टक टक करायचे. मग एकदा म्हणाले, ‘‘सोना मत, बेटा. मॅडम घर पे चावल नाप रही है. बस, अभी समझेगी.’’

तांदळाचं मी कुणालाच बोलले नाही. बाबांनाही नाही. फक्त इथं लिहिलं होतं.