उपटलेली लोकर

सोमवार, ३ तारीख

फुकट लोकर मिळाली म्हणून सकाळपासून हुरळून गेले होते! मेंढपाळाने स्वतः पोतं आणून टाकलं — ‘ताई, तुमच्या माणसांना शिकायला होईल.’ सभागृहात गोल करून बसलो, काटे-काड्या वेचल्या, लोकर विंचरली. पोस्टमनकाका निवृत्त झाल्यापासून माझ्या कताई-रंगाईच्या वर्गाला कधी चुकत नाहीत. आज कोपरापर्यंत पोत्यात. ‘बाई, जन्मभर टपाल निवडलं, आता मेंढ्यांचे केस!’

सगळे गेल्यावर झाडताना एक झुबका हातात आला. कातरलेल्या लोकरीची टोकं सरळ असतात. याला मुळं होती. एकाला तर वाळक्या कातड्याचा तुकडा! ही लोकर कातरलेली नाही, उपटलेली आहे. जिवंत मेंढी कुणाला अशी उपटू देईल?

मंगळवार, ४

मेंढपाळाला फोन केला. आधी आढेवेढे. मग म्हणाला, ‘तीन मेंढ्या उभ्याउभ्या पडून मेल्या, ताई. लोकर वाया कशाला घालवायची?’ नाकातून रक्त आलं होतं का? — आलं होतं. मी त्याला नाही नाही ते बोलले. ‘अंगात ताप आहे, नंतर बोलू,’ म्हणून त्याने फोन ठेवला. बरा वेळेवर आला ताप!

काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. माझे वडील गुरांचे डॉक्टर. अशा जनावराला हात लावायचा नाही, त्याच्या लोकरीतूनसुद्धा रोग माणसाला होतो — हे ऐकतच मोठी झाले. पोतं मागच्या खोलीत कोंडून कुलूप घातलं. सगळ्यांना सांगायला हवं. पण वर्गात मदतीला असतात त्या जाऊबाई म्हणाल्या, ‘नुसत्या संशयावर बोभाटा करशील? वर्ग बंद पाडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

सांगितलं नाही.

शुक्रवार, ७

कुणाचा फोन नाही. म्हणजे सगळे बरे असणार. की आजारी आहेत म्हणून फोन नाही? जेवण जात नाही.

सोमवार, १०

आजचा धडा आधीच ठरलेला — डाळिंबाच्या सालांच्या काढ्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं की सुताला काळा रंग. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! गुपचूप सगळ्यांच्या हातांवर काळपुळीची काळी खपली शोधायची, आणि मीच ते हात काळे करून बसले. हातमोजे दिले होते, पण काकांसारखे शूर लोक ते घालतात थोडेच!

मग लिंबं कापली. लिंबाने हा डाग सुटतो. ‘हासुद्धा धडाच आहे,’ म्हणत एकेकाचा हात धरून घासला. शिंपीणबाई — साफ. शाळेतल्या शिपाईमावशी — साफ. काका म्हणाले, ‘एवढे लाड तर माझ्या बायकोनेही केले नाहीत हो!’ त्यांच्या मनगटावरचा एक डाग गेला नाही. पुन्हा घासला. कडेने सूज, मधे काळीकुट्ट खपली.

‘लिंबू झोंबतंय का?’

‘छे! दुखतसुद्धा नाही.’

तीच तर खूण!

मग बोलले. सगळं. शिंपीणबाई ओरडली, ‘आठवडाभर तोंड शिवून बसलात?’ काका म्हणाले, ‘चला, दवाखान्यात सहल काढू.’ पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

मंगळवार, ११

काकांना दाखल केलं. बाकी सगळ्यांना गोळ्या, मलाही. डॉक्टर विचारतात, हा मेंढपाळ राहतो कुठे? मला नुसता नंबर माहीत, आणि तो फोन उचलत नाही. चोराच्या मनात चांदणं. लपून बसलाय मेला!

काकांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवार, १३

काळपुळीच निघाली. पण वेळेत आणलं, काका वाचतील. नक्की वाचतील, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. पोतं सरकारी माणसं जाळायला घेऊन गेली. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. जाऊबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

शनिवार, १५

डॉक्टरांना पत्ता कळवलाय; त्यांची गाडी येईपर्यंत लिहितेय.

मेंढपाळाच्या नंबरवरून फोन आला. भांडायच्या तयारीनेच उचलला. त्याची बायको होती. तो पहाटे गेला. ताप उतरलाच नाही, म्हणाली. ‘ताई, तुमची माणसं बरी आहेत ना? सारखं विचारत होते.’

त्याचे हात कसे आहेत, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिचे विचारले.

‘एक पुळी आलीय,’ ती म्हणाली. ‘पण दुखत नाही.’