साताऱ्याची सून, झाडीचा चिखल

८ जुलै
मी सांगून राह्यली, नातसून साक्षी लिहून राह्यली. मले अक्षर येत नाई, तिले इथी करमत नाई — दोघींचंही भागते.
लग्नाले दोन महिने झाले. पोरगी साताऱ्याची. आमच्या झाडीपट्टीतला चामोर्शीचा बाजार पाहिला — साताऱ्यातल्या एका गल्लीएवढा म्हणे. जंगल — महाबळेश्वरासारखं, फक्त गरम. वैनगंगा — कृष्णेसारखी, पण पसरट. म्हटलं, हेही लिही बाई. लिहिताना हसली.

१३ जुलै
तिन्ही वेळचा भात पाहून पोरीचं तोंड उतरते. ज्वारीचं पीठ आणवलं, भाकर थापली. तव्यावर टाकली त चार तुकडे! आमच्याकडं कशी टम्म फुगते, म्हणे. मग तिनंच थापली. चांगली झाली. तिले सांगितलं नाई. आता लिहून घेतलंच तिनं.

१९ जुलै
धानाचा रोवणा सुरू. थकली. बास.

२६ जुलै
आज नातू आयुष लिहून राह्यला. साक्षी माहेरी गेली.
काल रोवणा संपला. शेवटचं रोप लागलं की बाया शेतवाल्या घरच्या सुनेले चिखल फासतात. ती हसते, मग सगळ्यायले जेवू घालते. मले माहीत होतं. गंमत पाहू म्हणून तिले सांगितलं नाई. शेजारच्या कांतानं दोन्ही गालांले चिखल चोपडला, बाकीच्या हसल्या. साक्षीनं पदरानं गाल पुसले. मग म्हणाली, "आमच्याकडं नको असलेल्या बाईचं तोंड असं करतात."
कांतानं हात जोडले. मीही समजावलं. आज सकाळच्या गाडीनं गेली.
आयुष मान वर करत नाई. लिही म्हटलं — चूक बुढीची.

३० जुलै
फोन उचलत नाई.
कांता म्हणे, "बुढे, तुले पोरीची मजा घ्याची लय हौस." खरं आहे. ती आमचं गाव साताऱ्याशी ताडून पाहात होती, मी तिले इथल्या सुनांशी. तिचं निदान तोंडावर होतं, माझं मनात.

२ ऑगस्ट
आयुष तिले आणाले निघाला होता. त्याले घरी बसवलं. साताऱ्याचं तिकीट माझं काढलं. नागपूरच्या पुढे कधी गेली नाई. तिथी माझी बोली ऐकून हसतील. हसू दे.