देशमुखांचं चूलबंद आवतन

कामरगाव
ता. २०-११-७७

प्रिय गोविंदाभाऊजी यांस,

भागिरथावहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडं समदे खुशाल. तुमच्या दादाचा खोकला गेला, मामाजीचा, तुमच्या बाचा, ताठा तसाच हाये. तुमी दिवाळीच्या सुट्टीत आले नाई. साहेबाच्या पोराची शिकवणी घेत होते म्हने. घ्या बापा, साहेब मोठा की बाप मोठा!

बातमी अशी की मले नोकरी लागली. हासू नका. देशमुखायचे दौलतराव मुंबईच्या मोठ्या हॉटेलात मॅनेजर होते न, ते परत आले अन् सडकेच्या कडंच्या वावरात त्यायनं हॉटेल काढलं. नावच 'वावर'. पाटीवर लिहिलं हाये, शेतातून थेट ताटात. अमरावती-अकोल्याहून मोटारी येतात अन् आपन रोज खातो तेच बेसन, भाकर, ठेचा खाऊन जातात. एका पानाचे आठ रुपये! मले पैले वाटलं, बिचाऱ्यायच्या घरी कोनी सैपाक करनारं नसन.

खरं सांगू का, वावरात नुसती कापसाची पऱ्हाटी हाये. वांगे-मुळे सकाळच्या येष्टीनं कारंज्याच्या बाजारातून येतात. धुतलेल्या मुळ्याले मी पुन्हा माती लावून देते, तसा हुकूमच हाये. मले साडी चालत नाई, लुगडं नेसा म्हने. गॅसची शेगडी हाये, पन धूर झाला पाह्यजे म्हून चूल. दारावर मानोऱ्याकडच्या तांड्यातला किसनसिंग फेटा बांधून उभा असते अन् कुठल्या तरी नाटकातल्या बोलीत पाहुन्यायले या म्हनते. अशी बोली इकडं कोनी बोलत नाई हे त्यानं मालकाले सांगून पाह्यलं. मालक म्हनाले, शहरातल्या लोकायले खेडं असंच बोलताना पाह्यजे.

जेवून झालं की लोकं वहीत अभिप्राय लिहितात. भांडे घासून झाले की मी वाचत बसते, भल्ली मजा येते. एका वकिलानं लिहिलं, भाकर करपली हाये पन त्यातच खरी चव हाये. त्याच्या बायकोनं खाली लिहिलं, करपलेली भाकर बदलून मागितली तर दिली नाही. एका डाक्टरच्या हरभऱ्याच्या भाजीत अळी निघाली. मालकानं खाली शेरा मारला, अळी हा ताजेपणाचा पुरावा समजावा.

मामाजीले माही नोकरी पटली नाई. दीक्षा घेतली तवापासून एकवीस वर्सं त्यायनं देशमुखाच्या घरचा घास घेतला नाई. पैलेच्या पंगतीत समदे उठल्यावर आपल्या लोकायले गोठ्याजवळ बसवत, घरून ताट न्या लागे, अन् भाकर वरून टाकत. मान असन तरच त्या दारात जाईन, असं ते आजही म्हनतात. म्या म्हटलं, मी खाले नाई जात, रांधाले जाते.

पत्राले उशीर केला त पुढच्या खेपेले ठेचा भेटनार नाई, ध्यानात ठेवा.

तुमची
भागिरथावहिनी

---

अमरावती
दि. १-१२-७७

ती. सौ. वहिनीस,

गोविंदाचा सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि. इकडील क्षेम आहे.

तुमचे पत्र वाचून मेसमध्ये एकटाच इतका हसलो की शेजारच्याने भाजी सरकवून घेतली. त्यात योगायोग पाहा, गेल्या रविवारी आमचे साहेब सहकुटुंब तुमच्या 'वावर'ला आले होते. सोमवारी कचेरीत फाइल एक हलली नाही, दिवसभर भाकरीचेच कौतुक. साहेब घोंगडीवर मांडी घालून जेवले म्हणे. उठता येईना तेव्हा दोघांनी धरून उभे केले. तरीही आपण मातीशी जोडले गेलो असे त्यांचे म्हणणे आहे. बाईसाहेबांचे मत वेगळे. त्यांना ठेचा झोंबला, बर्फ मागितला, तर शेतात बर्फ पिकत नाही असे उत्तर मिळाले.

साहेबांनी मला विचारले की गोविंदा, तू असले अस्सल जेवण कधी जेवला आहेस का. मी म्हणालो, ऐकून आहे. वहिनी, रागावू नका. ती भाकर माझ्या वहिनीने थापली हे ओठांवर आले होते, पण समोर सगळी कचेरी उभी होती. का बोललो नाही ते मलाच कळत नाही.

बा ला सांगा, मी पाठवलेला माझा जुना कोट थंडीत घालत जा. खुंटीला पूजेसाठी पाठवलेला नाही.

पोरांना पापे. ठेच्याचा हक्क अबाधित राहावा ही विनंती.

आपला
गोविंदा

---

कामरगाव
ता. ६-१-७८

प्रिय गोविंदाभाऊजी यांस,

सप्रेम जयभीम. ऐकून हाये म्हनता? बरं. ठेच्याबद्दलही आता नुसतं ऐकूनच राहा.

आता मस्करी पुरे. मोठा घोर लागला हाये, म्हून लगेच लिहून राह्यली.

दौलतरावायनं संक्रांतीनंतरच्या रविवारी, पंधरा तारखेले, हॉटेलात हुरड्याचा मोठा कार्यक्रम ठेवला. त्याचे कागद कारंज्याच्या निजामुद्दीनभाईकडून छापून आनले. खेड्याची भाषा पाह्यजे म्हून त्यावर काय छापावं? समस्त मंडळीस चूलबंद आवतन, रविवारी घरची चूल पेटवू नका! हे शब्द त्यायनं लहानपनी आईच्या तोंडून ऐकले होते म्हने, गोड वाटले. कोपऱ्याले हळदीचं बोटही लावलं. दर छापला नाई, उंची हॉटेलात छापत नसतात असं ते सांगतात. किसनसिंगले सांगतलं, घरोघर वाट. मालकाच्या मनात होतं अमरावतीचे घरं. त्यानं गावातले वाटले, तांड्यावर वाटले, अन् आपल्या वस्तीतलं एकही दार सोडलं नाई.

भाऊजी, तुमी गावचेच हा. चूलबंद म्हनजे काय ते तुमाले सांगा लागत नाई. त्या दिवशी लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत समदं घर तिकडंच जेवते, अन् बोलावनाऱ्यानं एकालेही उपाशी वापस पाठवाचं नसते. देशमुखाच्या घरून असं आवतन आपल्या वस्तीले आजवर आलं नव्हतं.

मामाजीनं तो कागद माह्याकडून तीनदा वाचून घेतला. मंग म्हनाले, एकवीस वर्सांनी देशमुखाले अक्कल आली. तवापासून त्यायचा जीव थाऱ्यावर नाई. घरोघर जाऊन सांगतलं, रविवारी कोनी चूल पेटवाची नाई, लेकरायच्या आंघोया करून धुतलेले कपडे घालून आना. तुमचा कोट खुंटीवरून काढून उन्हात टाकला. यजमानाले आहेर म्हून टोपी इकत आनली.

आता मी काय करू? हे जाहिरातीचं हाये, दारात आठ रुपये मागतीन, हे मले ठाऊक हाये. सांगतलं त बुढा मोडते. नाई सांगतलं त समद्या वस्तीसमोर फाटकावरून वापस येते. तुमच्या दादाले इचारलं त ते नुसते विडी वढतात. तुमीच तातडीनं कळवा.

तुमची वाट पाहून राह्यली,
भागिरथावहिनी

---

अमरावती
दि. १६-१-७८

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. तुमचे पत्र मला शुक्रवारी मिळाले. त्याच दिवशी कार्ड टाकले, की बा ला खरे सांगून टाका, थोडे दुखेल पण शोभा होणार नाही. ते कार्ड रविवारच्या आत पोचले नसणार हे मलाही कळते.

आज साहेब कचेरीत आले ते नाचतच. काल ते 'वावर'ला होते. ते जे सांगतात त्याचा मला अर्थ लागत नाही. म्हणे हॉटेलवाल्याने लोकजीवनाचा असा देखावा उभा केला की मुंबईत पाहायला मिळणार नाही. पांढरेशुभ्र कपडे घातलेले दोनशे गावकरी रांगेने आले. पुढे एक म्हातारा, त्याने फाटकाशी असा काही अभिनय केला की बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. मग स्वयंपाकिणीने संप केल्याचा प्रवेश झाला, मग एका वृद्ध जमीनदारणीचा. शेवटी मालक अनवाणी वाढत होते. भाकर मात्र कच्ची होती, असे म्हणून साहेबांनी पोट चोळले.

त्या म्हाताऱ्याच्या अंगात काळा कोट होता आणि डाव्या खिशावर शाईचा डाग होता, हेही ते सांगत होते. वहिनी, तो डाग माझ्या हातून पडलेला आहे. मी तिथेच म्हणालो, साहेब, तो अभिनय नव्हता, तो माझा बाप आहे. सगळी कचेरी ऐकत होती. साहेब घोटभर चहा प्याले आणि म्हणाले, मग तर तो फारच चांगला नट आहे.

काय झाले ते सगळे लिहा. तोवर घास गोड लागणार नाही.

आपला
गोविंदा

---

कामरगाव
ता. २०-१-७८

प्रिय गोविंदाभाऊजी यांस,

सप्रेम जयभीम. तुमचं कार्ड सोमवारी भेटलं, पत्र आज. साहेबासमोर बोलले, लय बरं केलं. ठेचा पाठवून राह्यली.

आता ऐका. मले मामाजीले सांगनं झालंच नाई. रविवारी सकाळी घरची चूल न पेटवता मी कामावर गेली. अकरा वाजता फाटकाशी समदी वस्ती, तांडा, सायकलवाल्या सादिकची माय रहमतबी नातवंडं घेऊन, अन् मराठ्यायचे घरंही. समद्यायच्या पुढं मामाजी. दौलतराव धावत गेले अन् बुकिंग इचारू लागले. मामाजीनं आवाज चढवला नाई. कागद पुढं धरला अन् म्हनाले, घरी चूल पेटवली नाई मालक, आता तुमीच सांगा.

दौलतरावायनं फाटक लावाले सांगतलं. मंग मांघारी सैपाकघरात येऊन मले म्हनाले, बेसन वाढव, अन् या लोकायले मांगून गोठ्याजवळ थोडं थोडं दे, मोटारीवाले गेले की.

गोठ्याजवळ! भाऊजी, माह्या अंगाची आग झाली. म्या पिठातला हात काढला, धुतला, अन् सांगतलं की कागद माह्याही घरी आला हाये, आज माहीही चूल बंद हाये. चुलीवर पानी टाकलं, फाटकाची कडी काढली, समद्यायले आत घेतलं अन् घोंगडीवर जाऊन बसली. मामाजीच्या बाजूले! जल्मात कधी त्यायच्या रांगेत जेवाले बसली नव्हती. नोकरी गेली हे मनात धरूनच बसली. तिकडं मोटारीवाले चमचे धरून पाहून राह्यले.

कोनी तरी चंदाबाईले, मालकाच्या आईले, वर्दी देली. बुढी काठी टेकत वावरातून आली. तिनं लेकाले एकच इचारलं, चूलबंद म्हटलं होतं का तुनं. तो म्हने, आई, ते नुसतं जाहिरातीपुरतं. आमच्या मायेपोटी नाई हो, घराण्याच्या नाकासाठी, पन तिनं पदर खोचला, चूल पुन्हा पेटवली अन् भाकरी थापाले बसली. लेकाले सांगतलं, बूट काढ अन् वाढ. तिनं तीस वर्सांत भाकर थापली नव्हती, हे पैल्या भाकरीतच समजलं.

दौलतराव टोपलं घेऊन आले. पैलं पान मामाजीचं. मामाजीनं ताटाकडं पाह्यलं नाई, त्यायच्या कंबरेकडं पाह्यलं. दौलतराव वाकले, अन् भाकर ताटात ठेवली. दुसऱ्या खेपेले आईनं चुलीजवळून डोये वटारले, तवा अर्धी तरी घ्या म्हून आग्रहही केला. मामाजीनं रीतीपरमानं दोनदा नाई म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. त्यायचं पोट दीड भाकरीत भरते, ते मले ठाऊक हाये. चार खाल्ल्या. मंग उठून मालकाच्या डोक्यावर टोपी ठेवली.

सोमवारी किसनसिंग मले बोलवाले आला. साडीतच येईन म्हटलं, चालन म्हने. तुमच्या साहेबानं वहीत दोन पानं भरून तारीफ लिहिली, त्यापायी मालकाची इच्छा हाये की मामाजीनं दर रविवारी कोट घालून यावं. मामाजीनं निरोप धाडला, आवतन पाठवा, येतो.

पन खरं सांगाचं राह्यलं. जेवून उठल्यावर मामाजीनं ती वही मागितली. म्या लिहाचं अन् त्यायनं सही कराची, असं ठरलं. मले वाटलं, आभार लिहा म्हनतीन. म्हनाले, लिव्ह, भाकर कच्ची, बेसनात मीठ जास्त. म्या हळूच म्हटलं, मामाजी, खाल्ल्या घरचं असं कसं लिहू. तर म्हनाले, आजवर त्या घरचं जे भेटलं ते मुकाट्यानं गिळलं. आज पाहुना म्हून आलो, नाव ठेवाचा हक्क आज पैल्यांदा भेटला, नीट अक्षरात लिव्ह.

म्या नीट अक्षरात लिहिलं. खाली त्यायनं, एकेक अक्षर दाबून, पुरं नाव लिहिलं.

तब्येत सांभाळा, अन् आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भागिरथावहिनी