दोरामावशीचा हात

प्रिय ल्युबेन,

तुला आपल्या ऑनलाइन खेळाच्या टोळीतून काढल्यापासून आपण बोललो नाही. मी कागदावर लिहितेय, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. व्हिदिनला थंडी सुरू झाली. आई लोणच्याच्या बरण्या भरतेय आणि तुझी आठवण काढतेय.

तुझी बायको मिलेना लेकीला घेऊन जर्मनीला गेली, तेव्हापासून तू खेळायला यायचास तो भांडायलाच. नवख्यांना हिणवायचास. टोळीची म्होरकी म्हणून मी तुला आधी बाजूला घेऊन समजावलं, मग आठवडाभर तुझा माइक बंद ठेवला. तू माफी मागितलीस, मला खरी वाटली. आणि मग त्या किल्ल्याच्या लढाईत दोरामावशीचा जखम भरायचा मंत्र जरा उशिरा आला, आपण सगळे मेलो, आणि तू चाळीस जणांसमोर ओरडलास, "ए म्हातारे, हात आहेत की लाकडं? घरी बसून मोजे वीण!" मावशी एवढंच म्हणाली, "चुकलं बाळा, पुन्हा करू या." मी तिथल्या तिथे तुझं नाव टोळीतून काढून टाकलं. "मोठी राणी लागून गेलीस!" असं तू लिहिलंस. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याशी भांडली. "अगं, पोर दुखावलंय, घे त्याला परत." मी म्हटलं, "मावशी, दुखावलेले आपल्यात पुष्कळ आहेत. ते सगळेच असं बोलत नाहीत." ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र बधले नाही, आजही बधणार नाही.

ल्युबेन, दोरामावशी गेली. व्रात्साला तिच्या दफनाला गेले होते. तिचा मुलगा अंतोन भेटला. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात कामातून गेला होता. ती डाव्या हाताने खेळायची, आणि आपल्यातल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. अंतोनला तिने बजावलं होतं, "त्या ल्युबेनला कळू देऊ नकोस, जिवाला लावून घेईल."

तिचा शब्द मी मोडतेय. कारण शनिवारी तिला जाऊन चाळीस दिवस होतात, थडग्यापाशी विधी आहे, टोळीतले सगळे जाणार आहेत, आणि हे तिथे परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये. ते बोल तुझे होते, हे मी अंतोनला सांगितलंय. तो म्हणाला, "येऊ दे त्याला. आई रोज त्याच्याबद्दल विचारायची." टोळीत तुला परत घेणार नाही, तो विषय काढू नकोस. पण ये. तिथे तिच्या नावाने उकडलेले गहू वाटतील, ते दोन्ही हातांनी घे. कुणी विचारलं, "तुम्ही दोराबाईंचे कोण?", तर मान खाली घालू नकोस. सांग, आम्ही एकत्र खेळायचो.

तुझी बहीण,
झोर्नित्सा