वधूच्या आईकडून

अण्णा,

क्रोशाची सुई तुमच्या हातात पहिल्यांदा मीच दिली. तुम्ही शिरपूरकडचं गाव सोडून सिल्वासाजवळच्या दोऱ्याच्या फॅक्टरीत लागलात, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आपण नरोलीला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि मी आठवीत होते. मशीनमध्ये तुमचा उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण मधली दोन ताठ होऊन बसली. हात चालता ठेवा, नाहीतर तो असाच राहील, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही रबरी चेंडू दाबत बसायचात आणि जरा वेळानं कंटाळून तो कोपऱ्यात टाकायचात. आई तेव्हा सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या क्वार्टर्समध्ये एका शाळेतल्या बाईंकडे स्वयंपाकाला जायची. बाई रत्नागिरीकडच्या, एकट्या राहायच्या. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर जायचे, तेव्हा त्यांनी मला क्रोशे शिकवलं होतं. त्याच म्हणाल्या, "वडिलांना शिकव की. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही."

दुपारची वेळ आहे. दार अर्धं लोटलेलं. मी तुमच्यासमोर मांडी घालून बसलेय आणि साखळी कशी घालायची ते दाखवतेय. सुई तुमच्या बोटांतून सटकते, दोरा सैल पडतो, पुन्हा घट्ट होतो. तिसऱ्यांदा उसवावं लागतं तेव्हा मी बाईंच्या आवाजात तुम्हाला रागावते, "अण्णा, लक्ष कुठंय तुमचं?" आणि तुम्ही, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं आम्ही गप्प व्हायचो ते तुम्ही, मान खाली घालून म्हणता, "चुकनं माय. परत दाखाड." तुम्ही इतकं नमून माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं त्या दुपारी.

बोटं वळायची तेवढी वर्षभरात वळली. फॅक्टरीनं तुम्हाला मशीनवरून काढून गेटवर बसवलं. सुई मात्र तुम्ही सोडली नाहीत. गावाकडे आजीच्या सुपारीसाठी पिशवी विणलीत. बाईंच्या रेडिओला झाकण केलंत, आणि ते उलटंसुलटं करून बघत बाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा सफाई आहे." माझ्या पाण्याच्या बाटलीला जाळी, आईच्या गव्हाच्या डब्याला रुमाल. ज्याच्या त्याच्यासाठी तुमच्या डोक्यात काहीतरी चालूच असायचं. तोंडानं कुणावर माया दाखवणं तुम्हाला कधी जमलं नाही. विणलेली वस्तू पुढ्यात ठेवायची, दुसरीकडे बघायचं आणि विचारायचं, "तुले आवडनं का?"

पण दार तुम्ही तेव्हाही लोटूनच घ्यायचात. शेजारचा बिहारी खिडकीतून बघून म्हणायचा, "क्या भाई, अब चूड़ी भी पहनोगे?" त्यावर तुमचं एकच उत्तर, "डॉक्टरने बोला है." सिल्वासाच्या बाजारात दोरा घ्यायला जाताना तुम्ही मला बरोबर न्यायचात. दुकानदार गुजरातीत विचारायचा, कोणासाठी? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात, "छोकरी माटे." मग दोऱ्याच्या गुंड्या मी निवडतेय असं आपण दोघं नाटक करायचो. पुढे जे मी केलं, त्याला कितीतरी वर्षं मी या दुकानाचा आधार घेत आले. म्हटलं, तुम्हाला स्वतःलाच तर ते लपवायचं होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही रुखवतासाठी पलंगपोस द्यायचं ठरवलंत, विकतचा नाही, हातचा. पांढरा शुभ्र, एकेक चौकोन वेगळा विणून जोडलेला. सात-आठ महिने चाललं होतं. गेटवरची ड्यूटी करून यायचात, चहा घ्यायचात आणि बसायचात. थंडीत बोटं दुखायची. आई तेल कोमट करून द्यायची, तुम्ही ते चोळून, बोटं पुसून पुन्हा सुई धरायचात, दोऱ्याला डाग नको म्हणून. मी हे सगळं रोज पाहत होते, अण्णा.

सासरची माणसं नाशिकची, शिकलेली. लग्नाच्या सकाळी रुखवत मांडताना प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी लावायची होती, कोणी केलं त्याची. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहिल्या. पलंगपोसापाशी आले आणि हात थांबला. नवऱ्या मुलीचा बाप विणत बसतो, हे त्यांना कसं वाटेल? मी लिहिलं, 'वधूच्या आईकडून'. टाचणी लावली आणि वळले, तर तुम्ही मागे उभे होतात. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. ती जरा तिरकी लागली होती. तुम्ही टाचणी काढून ती सरळ केलीत आणि मंडपवाल्याला काहीतरी सांगायला निघून गेलात.

वऱ्हाड आल्यावर माझ्या मावससासूबाई तिथेच खिळल्या. "विहीणबाई, काय हात आहे हो तुमचा. हा चौकोन कसा घातला?" आईनं जन्मात सुई धरली नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या बांगड्यांकडे. मग तुमचाच आवाज आला, "तिला नाद आहे. पण कुणी विचारलं की लाजते." मावससासूबाई हसल्या, सगळे हसले, तुम्हीही.

तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. मुलगा झाला तेव्हा पार्सल आलं. टोपडं, मोजे, आणि एक छोटीशी गादी झाकायची चादर. वर चिठ्ठी होती, न वळणाऱ्या बोटांनी काढलेल्या तुमच्या त्या मोठ्या अक्षरात: 'बाळास. आईकडून'. मी ती वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. तेव्हा पत्र लिहायला हवं होतं. पुढच्या खेपेला आले की समोरासमोर बोलू, असं म्हणत राहिले. दोन वर्षांत तुम्ही गेलात.

आता मुलाचं लग्न झालंय. परवा सुनेनं पलंगपोस पलंगावर पसरला, चौकोनांवरून हात फिरवला आणि विचारलं, "आई, हे कोणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी." ती म्हणाली, "अय्या, किती सुंदर," आणि कोपरे सारखे करायला लागली. एवढंच झालं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी घालून वहीत ठेवतेय. मी स्वतःला सांगत आले की तेव्हाचा काळच तसा होता, माणसं तशी होती, म्हणून मला 'वडिलांकडून' असं लिहिता आलं नाही. खरं नाही ते. मावससासूबाईंना विणकामाची हौस आहे, हे मला साखरपुड्यातच कळलं होतं; त्यांनी तुम्हाला शेजारी बसवून चौकोन शिकून घेतला असता. तेव्हाही ते इतकंच सोपं होतं, अण्णा, आणि चिठ्ठी लिहिताना मला ते माहीत होतं.